फक्कीची रेघ

"काका, पाणी असं वळत नसतं," चारुता म्हणाली.

कडुबानं मान वर केली नाही. घमेल्यातली पांढरी फक्की मुठीनं सोडत तो पुढं चालत राहिला. बिडकीनजवळचं हे तळं दुष्काळात आटलं, मग वाढत्या शहरानं आपला सगळा मलबा इथं आणून ओतला, आणि आता कुठं ते पुन्हा जिवंत करायचं निघालं होतं. होळीच्या आत काम उरकायचं होतं. पण पाणी पूर्वी कुठपर्यंत यायचं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ते आठवणारा म्हातारा गावात एकच उरला होता. म्हणून इंजिनिअर असलेल्या चारुतानं घमेलं त्याच्या, कडुबाच्या, हातात दिलं. त्यानं रेघ मारायची; रेघेवर काठ बांधायचा, आतला मलबा पोकलेननं उपसायचा.

रेघ बाभळीपर्यंत सरळ आली होती. तिथं ती एकदम आत शिरली आणि एका ओट्याला काठाबाहेर ठेवून परत निघाली. ओट्यावर शेवंतीचं ताजं फूल होतं.

"कुणाचा आहे?"

"आमच्या कारभारणीचा. सरूबाईचा."

सरूबाई गेली ते दुष्काळाचं दुसरं वर्ष. गेलेल्या माणसाचा ओटा आपल्या रानात बांधायची त्यांच्यात रीत होती, पण रान तर आधीच कारखान्यांसाठी गेलेलं. मग ज्या कोरड्या तळ्यात दोघांनी गाळपेर केली होती, तिथंच त्यानं दगड रचले. इथं पुन्हा पाणी येईल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. तेव्हापासून कडुबा रोज सकाळी इथं येऊन बसे. भाजी कशाची केली इथपासून सगळं तिला सांगे. दुसरं ऐकायला होतं कोण? लेक अजिंठ्याकडं दिलेली, ती दिवाळीला दोन दिवस येई. एकटा माणूस शेवटी काहीही करून बसतो. जन्मात कधी खोटं न बोललेला कडुबा आज बोलला होता, तेही फक्कीनं.

चारुता ओट्याला वळसा घालून आली.

"असू दे. काठ इथूनच वळवू," ती म्हणाली. "वरच्यांना मी सांगते काय ते."

जिंकला की म्हातारा! तो ओट्यापाशी बसला. रोजच्यासारखं सरूबाईला सगळं सांगायचं, तर आज हे खोटंही सांगावं लागणार होतं. समोर काल उपसलेल्या खड्ड्यात घोटाभर पाणी पाझरलं होतं. त्यात दोन शेकाटे पक्षी लांब पाय टाकत फिरत होते. किती वर्षांनी दिसत होते. कडुबा त्यांच्याकडं बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

मग तो उठला. वळणावरची फक्की त्यानं पायानं मोडली. बाभळीपासून सरळ रेघ ओढली, ओट्याच्या पार पलीकडून.

"काका, अहो, ओटा बुडेल!"

"बुडू द्या, ताई. हंडा घेऊन टँकरच्या रांगेत हुभी व्हती, तिथंच पडली. त्या दिशी पाणी आलंच नाय." त्यानं रिकामं घमेलं खाली ठेवलं. "आता येऊ द्या पाणी तिच्यापोत."