रोजची सोडत

उजाडताच शेवंताच्या मनगटावरच्या पट्टीनं आजची शाळा सांगितली, गडहिंग्लज. काल चांदवड होती, परवा किनवट. चांगली शाळा कुणा एकाच्याच पदरात पडू नये, म्हणून सरकारी यंत्र राज्यातल्या सगळ्या पोरांची रोज नव्यानं सोडत काढायचं.

"आज तरी घावंल का गं तुझी निलोफर?" डब्यात चटणी जास्तीची भरत आईनं विचारलं.

"घावंल की," म्हणत शेवंता उडत्या बसमध्ये चढली.

निलोफर गेल्या वर्षी तिला एकच दिवस भेटली होती. दोघी एका डब्यात जेवल्या होत्या आणि पुन्हा गाठ पडली की एकाच बाकावर बसायचं, असं ठरवून गेल्या होत्या. त्यानंतर शेवंतानं दुसरी मैत्रीण केलीच नव्हती.

गडहिंग्लजच्या वर्गात शेवटच्या बाकावर खरंच निलोफर बसली होती. शेवंता धावतच तिच्यापाशी गेली.

"ए निलू! मी शेवंता. पुन्हा भेटलो की एकाच बाकावर बसायचं ठरलं होतं. ओळखलंस ना?"

निलोफर तिचा चेहरा निरखू लागली. मग ओशाळून म्हणाली, "रागावू नकोस हं. मी रोजच कुणाबरोबर तरी असं ठरवते. बस ना इथं."

शेवंता बसली. दिवसभर दोघी छान बोलल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "न्हाय घावली."