दुसरी चूल

गोजराबाईने आपल्या चुलीतला निखारा चिमट्यात धरला आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला, नव्या चुलीत नेऊन ठेवला. सवयीने बोट कुंकवाकडे गेले आणि थांबले. दिवस मावळायच्या आत मोडायच्या चुलीला कुंकू लावतात का, हे तिला कुणी शिकवले नव्हते. शेवटी तिने लावले. विस्तव तर खराच होता.

"आक्का, लई नवी दिसतीया वो," धाकटी जाऊ साळूबाई म्हणाली.

"तव्याची काजळी फास वरनं."

नदीवर बसवायच्या इंजिनाला सरकारची सबसिडी होती, पण ती लहान शेतकऱ्यालाच. एकत्र घराची जमीन जास्त भरत होती. दोघे भाऊ वेगळे दाखवले की दोघेही लहान ठरत होते. कागद झाले होते, आज साहेब चुली बघणार होते.

सासऱ्यांना, कुशाबांना, यातले काही ठाऊक नव्हते. "मामंजींना खोटं बोलाया जमायचं न्हाई, त्यांना लेकीकडं धाडा," हे गोजराबाईनेच नवऱ्याला सुचवले होते. कुशाबा चांद्याला लेकीकडे गेलेही. पण साहेब पडवीत उभे असतानाच ते परत आले.

एका चुलीपाशी थोरली भाकरी थापत होती, दुसऱ्या चुलीपाशी धाकटी. कुशाबा उंबऱ्यातच थबकले.

"या आजोबा," साहेब म्हणाले. "मुलं वेगळी झाली ना? मग तुम्ही जेवता कुणाकडे?"

गोजराबाईचा नवरा हैबती खाली मान घालून उभा राहिला. तिच्या तव्यावरची भाकरी करपली, तरी तिने उलटली नाही.

कुशाबांनी या सुनेकडे पाहिले, त्या सुनेकडे पाहिले.

"म्हयना हिच्याकडं, म्हयना तिच्याकडं."

"बरंय की! मग मला चहा दोन्हीकडचा प्यावा लागणार," साहेब हसले आणि त्यांनी सही केली.

साहेब रस्त्याला लागताच हैबतीने बापाच्या पाठीवर थाप मारली. "आबा, लई पक्कं निघालात! मला वाटलं, बोंबललं समदं."

"साहेब तर गारच झाला," धाकटा म्हणाला. दोघे हसत साहेबाला एस्टीपर्यंत पोचवायला धावले.

कुशाबा हसले नाहीत. ते आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर घोंगडी होती आणि हातात रोजची जेवायची पितळी.

"गोजरा, ह्यो म्हयना कुणाकडं?"

तिला आधी कळेचना. कळले तेव्हा ती पिठाच्या हातांनीच उठली.

"अवो मामंजी, कुणी वेगळं झालं न्हाई! ही नुसती दाखवायची चूल. सबसिडीसाठी. देवाशप्पत." तिने तांब्या उचलला आणि नव्या चुलीत पाणी ओतले. चर्र झाले, राख उडाली.

कुशाबांनी पितळी खाली ठेवली. वाकून त्यांनी चुलीतली कोरडी राहिलेली लाकडे बाहेर ओढली, एकेक करून भिंतीशी नीट लावली.

"इझवतीस कशाला, पोरी," ते हळू आवाजात, तिचीच समजूत घालत म्हणाले. "आधी सांगितलं असतंत, तर वेगळं व्हायाला मी काय आडवा आलो असतो?"