आबांचा ढोल

पडद्यावर 'भटक्या जमातींचं संगीत' अशी अक्षरं उमटली आणि वर्गात ढोल गुबुगुबु वाजू लागला. दशरथने तो लगेच ओळखला. ढोल त्याच्या वडिलांचा, आबांचा होता. होस्टेलच्या खोलीत मोबाइलवर त्याने तो फक्त रूममेट निनादला ऐकवला होता, कुणाला सांगू नकोस असं बजावून.

"हे वाजवणारे गृहस्थ नंदीबैल घेऊन गावोगाव फिरतात," पडद्याशेजारी उभा निनाद सांगत होता. "त्यांचा मुलगा आपल्याच वर्गात आहे. दशरथ, उभा राहा ना."

मॅडमनी कौतुकाने पाहिलं. टाळ्या पडल्या. दशरथ उठला, तोच मागून कुणीतरी विचारलं, "काय रे, यंदा पाऊस पडेल का?" सगळे हसले. निनादही हसला.

तासानंतर तो दशरथच्या मागे धावत आला. "रागावलास? अरे, अभिमान वाटला म्हणून सांगितलं."

"परवा माझं प्रेझेंटेशन आहे. आबांनाच वर्गात आणणार होतो."

"मग आण की. आता तर सगळ्यांना माहीत झालंय."

दशरथने आबांना फोन लावला. "येऊ नका," एवढंच तो म्हणाला.

"बरं," आबा म्हणाले. "नवा सदरा शिवलाय, तो जत्रेत घालीन."