पाठवणीची धून

"दादा, वाजव ना," हर्षाली म्हणाली, आणि अमोलने ओठांशी नेलेलं क्लॅरिनेट पुन्हा खाली घेतलं.

तपोवनाजवळच्या लॉन्सवर लग्न लागून जेवणंही उरकली होती. फुलांनी मढवलेली गाडी दारात उभी होती. नवरी गाडीजवळ थांबली होती आणि 'गोरक्ष ब्रास बँड'चे सगळे वाजवणारे अमोलच्या तोंडाकडे बघत होते. बँड घरचा, लग्न बहिणीचं, आणि मास्तरच गप्प. गावाकडून, सायखेड्याहून आलेल्या माणसांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

हर्षालीने अख्ख्या लग्नात एकच हट्ट धरला होता. पाठवणीला आबांची धून हवी. आबा म्हणजे त्यांचे वडील, गोरक्ष. गेल्या साली गेले. त्यांची ती संथ, मुरडत जाणारी धून सुरू झाली की मांडवातली माणसं रुमाल शोधायला लागायची. आहेरावरून सकाळी भांडलेले मामासुद्धा. निफाड तालुक्यातल्या निम्म्या लेकी ती ऐकत सासरी गेल्या होत्या. ही धून आमच्या आबांनी स्वतः बांधली, असं अमोल गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचा.

त्या छातीतली हवा गेल्या आठवड्यात गेली. माळ्यावरून बँडचे लाल कोट काढताना एक जुनी रेकॉर्ड हाताला लागली. आबांना क्लॅरिनेट शिकवणारा एक गोव्याचा म्हातारा देवळाली कॅम्पात राहायचा, त्यानेच दिली असणार. अमोल ती घेऊन मनोजकडे गेला. मनोज त्याचा दोस्त. गंगापूर रोडवर कॅफे चालवतो, आणि धंद्यापेक्षा जास्त लक्ष जुन्या जॅझ-ब्लूजच्या रेकॉर्डींत घालतो. त्याने सुई टेकवली. थोडी खरखर झाली आणि आबांची धून वाजायला लागली. रेकॉर्ड आबांच्या जन्माआधीची. पण सूर तेच, मुरड तीच, मधे दम घेतल्यासारखं थांबणंही तेच.

"भारी आहे रे," मनोज म्हणाला. "तिकडे अमेरिकेत रस्त्याने जाताना वाजवायचे हे. पुढे पेटी, मागे बँड."

"कसली पेटी?"

"प्रेताची. मयताला वाजवायचं संगीत आहे हे, अमोल."

मनोजला त्याच्या तोंडाकडे बघायची फुरसत नव्हती. तो खुशीत येऊन एकामागून एक रेकॉर्डी लावत सुटला. घोगऱ्या आवाजाचे जुने ब्लूज, मग गिटार कळवळून रडतेय असं ब्लूज-रॉक. आणि प्रत्येकात कुठे ना कुठे आबा सापडत होते. सूर अर्ध्यावर दाबून खाली ओढायची ती त्यांची तऱ्हा, जी अमोलला कधीच नीट जमली नव्हती, ती इथे जो तो करत होता. ज्या बापाला जन्मभर ओळखलं त्याचं आजोळ भलतीकडेच निघावं, तसं त्याला झालं. संगीत आवडलं होतं, हीच तर पंचाईत होती.

आबांना हे माहीत होतं का? नसेल, तर त्या भोळ्या माणसाने आयुष्यभर लग्नांत मयत वाजवलं, आणि तालुका त्यावर मनापासून रडला. यावर हसावं तरी कसं? आणि माहीत असेल तर? तर मग आबा करत काय होते? इथे आलं की अमोलचं डोकं चालेनासं व्हायचं. कुणाला विचारायची सोय नव्हती. ज्यांच्या ज्यांच्या लेकी त्या धुनीवर गेल्या, ते सगळे दारात येऊन उभे राहिले असते. आठवडाभर त्याला धड जेवण गेलं नव्हतं.

"चला पाहुणे, कळवण गाठायचंय आम्हाला," नवरदेवाचे काका म्हणाले.

अमोलने खूण केली. ढोल कडाडला, आणि बँडने सिनेमातलं एक उडतं गाणं उचललं. दोन पोरं नाचायलाही लागली. हर्षालीने गाडीचं उघडं दार लोटून दिलं.

"हे नको. आबांचं वाजवणार असशील तरच बसते." काकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. बँड आपोआप थांबला.

गर्दीतून वाट काढत त्यांची आई, लंकाबाई, आली. अमोलच्या दंडाला धरून तिने त्याला मांडवाच्या खांबाआड नेलं.

"काय झालंय रे तुला? पोरगी ताटकळली तिकडं."

"आई, ती धून मयताची आहे." एकदाचं बोलून टाकल्यावर त्याला रडूच आलं. "प्रेत नेताना वाजवतात. सख्ख्या बहिणीला कशी वाजवू मी?"

त्याला वाटलं, आई आता मटकन खाली बसेल. लंकाबाईने पदराने त्याचा चेहरा पुसला.

"माहीत हाय मला."

"काय? आणि आबांना?"

"त्यांनीच तर सांगितलं व्हतं. माझ्या पाठवणीला मी लय रडत व्हते. जो तो म्हणे, गप, चांगलं घर मिळालं, हस जरा. तेव्हा तुझ्या आबांनी मुंडावळ्या मागं सारल्या, वाजवणाऱ्याच्या हातून क्लॅरिनेट घेतलं अन् हे वाजवलं. नवरदेव असून! मी हळूच इचारलं, हे काय वो? तर म्हणले, माणूस गेलं का वाजवत्यात. तुझं एवढं सगळं गेलं आज, त्याचं कुणी काहीच करीना." लंकाबाई गाडीजवळच्या लेकीकडे बघत होती. "आख्ख्या वऱ्हाडात त्या एकट्या माणसाला कळलं व्हतं. तेवढ्यावर चढले मी त्यांच्या वरातीच्या ट्रकात."