अकरा पायऱ्या

"वहिनी, हुक तुटला!"

पुरस्कार सोहळा सुरू व्हायला दहा मिनिटं उरलेली आणि सेझिम पाठमोरी उभी. अनारानं कॉलरला खोचलेली सुई काढली आणि बिश्केकच्या त्या झगमगत्या सभागृहात, मंत्र्यासंत्र्यांच्या देखत टाके घातले.

"दिग्दर्शिका झालीस, पण वेंधळेपणा काही जाईना," दातानं दोरा तोडत ती म्हणाली.

"तू आहेस ना!" म्हणत पोरगी पुढच्या रांगेत पळालीसुद्धा.

सेझिमचा हा पहिलाच चित्रपट. एका मेंढीचं कोकरू दुसरीला लावतात आणि पहिली कुंपणापाशी उभी राहून बघत असते, एवढीच गोष्ट. पण गावात दाखवला तेव्हा दाढीवाले बाप्येसुद्धा रडले होते.

पहिल्या चित्रपटाला बक्षीस मिळालं, की स्टेजवर अंगावर चढवलेला चापान, म्हणजे भरजरी लांब अंगरखा, विजेत्यानं आईला वर बोलावून तिच्या खांद्यावर घालायचा, ही इथली पद्धत. अनाराला घोर होता तो सासूबाईंच्या गुडघ्यांचा. बुरुलबाईंना चौऱ्याहत्तरावं लागलेलं आणि स्टेजला पायऱ्या अकरा. तिनं आल्या आल्या मोजल्या होत्या.

"आई, हाक आली की माझा दंड धरा. घाई करायची नाही."

"बरं बरं. तू आधी हा नवा रुमाल डोक्याला बांध."

"अहो, तो तुमच्यासाठी आणलाय! वर तुम्ही जाणार."

"बांध म्हटलं ना! सून होऊन सव्वीस वर्षं झाली, अजून वाद घालतेस."

अनारानं बांधला. सासूपुढे कुणाचं चाललंय?

शेजारच्या खुर्चीतली बाई कुतूहलानं बघत होती. "ती मुलगी तुमची कोण?"

"मला वहिनी म्हणते."

"नणंदेसाठी एवढा जीव? माझी नणंद तर माझ्या हातचा चहासुद्धा पीत नाही!"

अनारा नुसती हसली. जीव तर होताच. लहानपणी बुरुलबाईंच्या कुशीत सेझिम नुसती खोकली, तरी पलीकडच्या खोलीत आधी अनारा उठून बसायची. आज तिला एकच हवं होतं. पोरीला बक्षीस मिळावं आणि वरून, सगळ्यांच्या देखत, तिनं एकदा 'वहिनी' म्हणावं. एवढं पुष्कळ झालं.

आणि पुकारलं की नाव! अनारा किंचाळलीच.

सेझिमच्या अंगावर चापान चढला. तिनं माइक धरला. आभार मानले कॅमेरावाल्याचे, मेंढपाळांचे, अगदी मेंढ्यांचेही. वहिनी काही त्यात आली नाही. अनाराला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

"आई," सेझिमचा आवाज कापला, "वर ये."

अनारानं सासूबाईंचं कोपर धरलं. "चला आई. सावकाश."

बुरुलबाई जागच्या हलल्या नाहीत.

"गुडघा धरला का?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय!" म्हातारीनं नाक ओढलं आणि सुनेच्या रुमालाची गाठ सारखी केली. "पहिलं नातवंड आजीनं आपलं म्हणून वाढवायचं, ही आपली रीत. ती मी पंचवीस वर्षं पाळली. आता ऊठ बाई, तुझी लेक बोलावतेय."