शेवटची रांग

कोसळलेल्या विमानातला जेवण गरम करायचा एक शाबूत ओव्हन कंपनीने दुसऱ्या विमानात बसवला, तेव्हापासून अपघातात गेलेला फ्लाइट इंजिनिअर त्या ओव्हनपाशी उभा दिसतो, अशी कुजबुज होती. त्याची लेक सहा वेळा त्या विमानाने गेली, ओव्हनसमोरच्या शेवटच्या रांगेत डोळ्यांत तेल घालून बसली. काहीच दिसेना. वैतागून तिने कंपनीला लिहिलं, "माझ्या बाबांच्या नावाने चाललेल्या भाकडकथा थांबवा."

तरी तिला राहवलं नाही. सातव्या खेपेला ओव्हनची जागा रिकामी होती.

"कालच काढला. त्या इंजिनिअरच्या मुलीनेच पत्र लिहिलं म्हणे. सुटलो बाई!" हवाईसुंदरी म्हणाली. "परवा तर या सीटकडे बोट दाखवून मलाच विचारलं त्यांनी,



'इथे बसते ती माझी चिमणी आज नाही का आली?'"