किणकिण
टेलरमास्तर रेकॉर्डवाले, त्यांचे साडू हेडफोनवाले. खरा आवाज कुणाचा, यावरून दोघांचं कधी जमलं नाही. त्यामुळे साडू आपणहून रेकॉर्ड ऐकायला आले, तेव्हा मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. खोट काढायलाच आले असणार! साडूंनी स्पीकरला एक कान लावला, मग दुसरा लावला. मास्तर डोळ्यांत तेल घालून बघत होते.

"काय, सापडली खरखर?"

साडूंनी दार लोटून घेतलं. "घरात बोलू नका हं. या गाण्यात मागे बारीक किणकिण आहे ना? मला हल्ली ती ऐकूच येत नाही. म्हटलं, तुमच्याकडे तरी येईल."

तीच किणकिण ऐकू येईना म्हणून मास्तरांनीही रेकॉर्डप्लेअरची सुई दोनदा बदलली होती.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ," ते हळूच म्हणाले. "दोघंही."